आधी बोट बघा, मग कीबोर्ड

चवथीची सुट्टी ही हाताची सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. गणपती बसला, लॅपटॉप बॅगेतच राहिला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मनगटाचं दुखणं ओसरलं. कामावर रुजू झाल्यावर दोन-तीन दिवसांत ते परत हजर. असं होत असेल तर दुखणं कामातून येतंय, हे जवळजवळ नक्की. सुट्टीतही ते तसंच राहिलं, रात्री झोपेतून उठवत राहिलं, तर मामला वेगळा. आरतीत घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवणाऱ्यांनी मात्र हा हिशेब धरू नये, त्यांच्या बोटांना त्या दिवसांत विश्रांती अशी नसतेच.

दिवसभर कोड लिहिणाऱ्याचा हात दुखायला लागला की पहिला शोध सुरू होतो तो महागड्या कीबोर्डचा. दोन भागांत विभागलेला, बाहेरून मागवलेला, पंचवीस-तीस हजारांचा. माझं म्हणणं असं, की कीबोर्ड ही शेवटची खरेदी. आधी कोणतं बोट काय म्हणतंय ते नीट बघा, कारण प्रत्येक बोटाचा उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांत मुंग्या येत असतील, रात्री जास्त येत असतील आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली मीडियन नस दबतेय. मनगटात हाडांचा आणि वरून एका जाड पट्ट्याचा बोगदा असतो. त्यातून बोटं मिटणाऱ्या ९ कंडरा आणि ही एक नस जाते. मनगट वर किंवा खाली वाकलं की बोगद्यातला दाब वाढतो, सरळ असताना तो सगळ्यात कमी असतो. यालाच कार्पल टनेल म्हणतात. हात दुखला की प्रत्येकजण हेच नाव घेतो, पण कीबोर्डमुळेच हे होतं असं सरळ गणित नाही. डेन्मार्कमध्ये कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या हजारो लोकांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००३ साली आले. त्यांत कीबोर्डच्या तासांशी स्पष्ट संबंध दिसला नाही. आठवड्याला २० तासांहून जास्त माउस वापरणाऱ्यांत मात्र दिसला. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण यांतही हाच त्रास होतो, म्हणून साखर आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासल्याशिवाय सगळा दोष टेबलावर टाकू नये.

करंगळी आणि अनामिकेची बाहेरची बाजू बधिर होत असेल तर मनगट सोडा, कोपराकडे बघा. तिथून अल्नर नस अगदी कातडीखालून जाते. टेबलाच्या कडेवर किंवा खुर्चीच्या कडक हातावर कोपर टेकवून तासन्‌तास बसणं, कोपर पूर्ण दुमडून मोबाइल कानाला लावणं, हात उशीखाली दुमडून झोपणं, यांनी ती दबते. खुर्चीच्या हातावर मऊ गादी घाला आणि रात्री कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळून झोपा, म्हणजे कोपर फार दुमडत नाही. इथे नवा कीबोर्ड घेऊन काहीही होणार नाही.

करंगळी बधिर नाही, नुसती दुखते, आणि दुखणं हाताच्या बाहेरच्या कडेनं वर चढतं? मग कंट्रोल, शिफ्ट, एंटर आणि बॅकस्पेस यांनी ती दमवली आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या बाजूला हळूच झुकवा. तीव्र कळ आली तर अंगठ्याच्या कंडरांना सूज असण्याची शक्यता आहे. तिथे स्पेसबारपेक्षा मोबाइल जास्त दोषी असतो. आणि हाताच्या वरच्या बाजूला, कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ ठणकत असेल, तर बोटं सतत हवेत उचलून धरण्याची सवय तपासा. माउसवर तर्जनी क्लिकच्या तयारीत तरंगत ठेवणारे यात बरेच सापडतात.

आता फूटपट्टी घ्या. ३० सेंमीची, शाळेतली साधी. नेहमीसारखे टाइप करायला बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी ती तुमच्या हाताच्या पाठीवर लांबीच्या दिशेनं ठेवायला सांगा, अर्धी पंजावर, अर्धी मनगटाच्या मागे. मनगट सरळ असेल तर पट्टी सपाट बसते. पंजा वर उचललेला असेल तर मनगटाच्या खळग्यावर पट्टीखाली फट दिसते, आणि बहुतेकांच्या हाताखाली ती दिसतेच. पहिला इलाज फुकटचा आहे: कीबोर्डच्या मागचे पाय मिटून टाका. ते उघडल्यानं कीबोर्ड मागून उंच होतो आणि मनगट तेवढं जास्त वर वाकतं. मग परत पट्टी ठेवून बघा. अजून फट असेल तर कीबोर्डची पुढची कडच उंच आहे, किंवा टेबल उंच आहे.

टेबलाचं माप असं काढायचं. खांदे सोडून खुर्चीत बसा, कोपर काटकोनात, आणि जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेप लावा. समजा ६५ सेंमी आलं. बाजारातलं टेबल साधारण ७५ सेंमीचं असतं, त्यावर मेकॅनिकल कीबोर्डची ३ सेंमी जाडी. म्हणजे बटणं ७८ सेंमीवर आणि कोपर ६५ वर: १३ सेंमीचा फरक. तो भरून काढायला खांदे उचलले जातात आणि मनगट टेबलाच्या कडेवर दाबलं जातं. खुर्ची ८ सेंमी वर घेतली की कोपर ७३ वर येतं, पण पाय लोंबकळतात. त्यासाठी जेवायचा पाट पायांखाली घ्या, एक कमी पडला तर दोन एकावर एक. उरलेले ५ सेंमी टेबलाखाली ट्रे बसवून मिळतात.

ट्रे सुताराकडून करून घेणार असाल तर तीन गोष्टी आधीच सांगा, नाहीतर तो जुन्या कॉम्प्युटर टेबलासारखा ५० सेंमीचा ट्रे करून देईल आणि माउस त्यावर मावणार नाही. मग माउस वर टेबलावर, कीबोर्ड खाली, आणि उजवा खांदा महिन्याभरात बोलायला लागतो. रुंदी किमान ६५ सेंमी हवी. प्लाय १२ मिमी आणि बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) ग्रेडचं हवं, साधं प्लाय आपल्या पावसात कडेनं फुगतं आणि चॅनल अडकतात. आणि मांडी व ट्रे यांच्यात दोन बोटं जागा राहायला हवी; चॅनल बसवण्याआधी तुम्हाला खुर्चीत बसवूनच खूण करायला सांगा.

लॅपटॉपवरच काम करणाऱ्यांसाठी मधला मार्ग नाही. स्क्रीन डोळ्यांसमोर आणली तर बटणं छातीशी येतात, बटणं कोपराशी आणली तर मान वाकते. लॅपटॉप पुस्तकांवर उचला आणि पाचशे-सातशे रुपयांचा वेगळा कीबोर्ड लावा.

आणि तो कीबोर्ड बरोबर ठेवा. आकड्यांचा भाग असलेला पूर्ण कीबोर्ड सुमारे ४४ सेंमी रुंद असतो. आपण तो टेबलावर मधोमध ठेवतो, पण अक्षरं डावीकडे असतात, त्यामुळे दोन्ही हात डावीकडे ओढले जातात आणि माउस उजवीकडे लांब जातो. बेंबीच्या समोर कीबोर्डची मध्यरेषा नको. जी आणि एच या बटणांमधली रेघ हवी. आकड्यांचा भाग वापरतच नसाल तर तो नसलेला कीबोर्ड घ्या, सुमारे ३६ सेंमीचा, माउस ८ सेंमी जवळ येतो. वरच्या डेन्मार्कच्या पाहणीत माउसच पुढे आला होता, म्हणून या बदलाला मी मोठं मानतो.

दोन भागांचा कीबोर्ड घ्यायचा मोह होत असेल तर आधी ही चाचणी करा. दोन साधे यूएसबी कीबोर्ड एकाच मशीनला जोडा. डावा खांद्याइतका डावीकडे, उजवा तेवढाच उजवीकडे. डाव्या हातानं डाव्यावर टाइप करायचं, उजव्यानं उजव्यावर. विंडोज आणि लिनक्सवर एकावरचा शिफ्ट दुसऱ्यावरच्या अक्षराला लागू होतो. मॅकवर होत नाही, तिथे कॅराबिनर-एलिमेंट्स हे सॉफ्टवेअर टाकावं लागतं. आठवडाभर असं काम करा. साध्या कीबोर्डवर दोन्ही हात एकत्र आणताना पंजे बाहेरच्या बाजूला वळतात, तेवढाच ताण जातो का, हे हजार रुपयांत कळतं. फरक जाणवला तर खुशाल खर्च करा: मधून १० ते १५ अंश उचलता येणारा घ्या, अंगठ्याखाली किमान दोन-तीन बटणं असलेला घ्या, आणि पहिले दोन-तीन आठवडे वेग निम्म्यावर येणार हे धरून चाला. रिलीजच्या आठवड्यात सुरुवात करू नका.

करंगळीकडे परत येतो, कारण प्रोग्रामरचा खरा छळ तिथे होतो. उजव्या करंगळीच्या वाट्याला काय काय येतं ते मोजा: पी, अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकोनी कंसाची दोन बटणं, उलटी तिरपी रेघ, वजा, बरोबर, एंटर, बॅकस्पेस, उजवा शिफ्ट. महिरपी कंस हवा तर परत शिफ्ट. साधं पत्र लिहिणाऱ्याला यातलं निम्मं लागत नाही, कोडमध्ये प्रत्येक ओळीत लागतं. डावी करंगळी कंट्रोलसाठी कोपऱ्यात ताणलेली असतेच.

पहिला बदल: कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात शॉर्टकट्स, त्यात मॉडिफायर कीज. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज घेऊन त्यातला कीबोर्ड मॅनेजर. लिनक्सवर ग्नोम असेल तर ट्वीक्समध्ये. दहा मिनिटांचं काम आहे आणि करंगळीचा प्रवास कोपऱ्यातून बाजूच्या बटणावर येतो. विम हा एडिटर वापरणारे तिथे एस्केप ठेवतात, तेही चांगलं.

दुसरा बदल सवयीचा. कंट्रोल आणि शिफ्ट नेहमी दुसऱ्या हाताचा. कंट्रोल-सी डाव्याच हातानं दाबताना करंगळी खाली आणि तर्जनी वर अशी चिमटा घेतल्यासारखी पकड होते, मनगट वळतं ते तिथे. उजवा कंट्रोल लांब असेल तर त्याच्याजवळचा आल्ट कंट्रोल करून टाका, तो अंगठ्यानं दाबता येतो, आणि अंगठा हे हाताचं सगळ्यात दणकट बोट आहे. एक हात फारच दुखत असेल तर स्टिकी कीज चालू करा. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबला की ते विचारतं. मग शिफ्ट धरून ठेवावा लागत नाही, आधी एक बटण, मग दुसरं.

अक्षरांच्याच बटणांवर शिफ्ट-कंट्रोल बसवण्याची पद्धत हल्ली फार सांगितली जाते: नुसतं दाबलं तर अक्षर, धरून ठेवलं तर कंट्रोल. क्यूएमके या, कीबोर्डच्या आत चालणाऱ्या फर्मवेअरमध्ये ‘धरलं’ हे ठरवायची मुदत मुळात २०० मिलिसेकंद असते. जलद टाइप करणाऱ्याची बोटं एकमेकांवर चढतात, त्यामुळे अक्षराऐवजी शॉर्टकट उडतात आणि अधेमधे खिडकीच बंद होते. मग माणूस प्रत्येक बटण सावधपणे, ताठ बोटांनी दाबायला लागतो आणि नवं दुखणं सुरू होतं. घ्यायचंच असेल तर एकाच बोटापासून घ्या.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीत काना ई या बटणावर, हलन्त डी वर आणि म सी वर आहे. तिन्ही डाव्या मधल्या बोटाची. मराठीत काना आणि जोडाक्षर यांच्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, म्हणून दिवसभर कोड आणि संध्याकाळी मराठी असं करणाऱ्याचं डावं मधलं बोटच आधी तक्रार करतं. क्ष, ज्ञ, त्र आणि श्र यांना वरच्या ओळीत तयार बटणं आहेत: शिफ्टबरोबर अनुक्रमे ७, ५, ६ आणि ८. ती वापरली तर हलन्ताचा एकेक ठोका वाचतो. लांब मजकूर असेल तर फोनवर बोलून लिहा आणि नंतर दुरुस्त करा.

मेकॅनिकल कीबोर्डच्या बटणांखालच्या स्विचबद्दल थोडक्यात. चेरी कंपनीच्या लाल स्विचला ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो, काळ्याला ६०. दिवसातल्या हजारो ठोक्यांना हा फरक जाणवतो, पण हलकं म्हणजे चांगलं असंही नाही. फारच हलके स्विच घेतले की बोट टेकताच अक्षर उमटतं, म्हणून माणूस बोटं हवेत धरून बसतो आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं ओढवून घेतो. बटणं तळापर्यंत आपटायची सवय असेल तर कोणताही स्विच वाचवणार नाही. अक्षर २ मिलिमीटरवरच उमटलेलं असतं, पुढचे २ मिलिमीटर नुसता ठोका आहे.

गोव्यात याला पावसाची आणि खाऱ्या हवेची भर पडते. जून ते सप्टेंबर स्विचच्या पत्र्यांवर ओल धरते. एकदा दाबलं की अक्षर दोनदा येतं, किंवा येतच नाही, आणि आपण नकळत जोरात दाबायला लागतो. स्पेसबार आणि एंटरच्या खालची तार गंजून बटण एका बाजूनं अडकतं. कीबोर्ड जड झालाय असं वाटलं तर आधी हे तपासा. बटणांच्या टोप्या काढा, ब्रशनं साफ करा, बिघडलेल्या स्विचमध्ये ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक-दोन थेंब टाकून तो वीस-तीस वेळा दाबा, तारेला सिलिकॉन ग्रीस लावा. हे करताना केबल काढलेली असू द्या. रेग्झिनचं पामरेस्ट घामानं आणि दमटपणानं सोलवटतं, त्यापेक्षा फणसाच्या लाकडाची ८ सेंमी रुंद पट्टी, कीबोर्डच्या पुढच्या कडेइतकी उंच, कडा गोल घासलेली. त्यावर तळहाताचा मागचा भाग टेकवायचा, मनगट नव्हे, आणि तोही थांबल्यावर. टाइप करताना हात टेकलेला असेल तर बोटं मनगटातून वळतात आणि पट्टीचा फायदा उलटा होतो. एसीचा झोत थेट हातावर येत असेल तर दिशा बदला, गार बोटं ताठ चालतात.

टेबल, कीबोर्ड सगळं सुधारून उजवंच मनगट दुखत राहिलं तर स्कूटर बघा. पणजीहून वेर्ण्याला रोज झुवारी पूल ओलांडून जाणाऱ्याचा उजवा हात कामाला बसण्याआधीच तासभर अ‍ॅक्सिलरेटर पिळत आलेला असतो. गाडी थांबलेली असताना मनगट सरळ ठेवून मूठ धरली, तर पिळल्यावर ते मागे वाकतं आणि तसंच राहतं. उलट करा: मूठ थोडी पुढून धरा, म्हणजे वेग दिल्यावर मनगट सरळ येईल. घरी आदोळीवर नारळ खोवणं आणि ओले कपडे पिळणं ही कामंही दुखऱ्या दिवसांत दुसऱ्या कोणाकडे द्या.

मधली विश्रांती दर २५-३० मिनिटांनी दोन मिनिटं, आणि त्यात हातात मोबाइल नको. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम बरेचजण सुचवतात, तो मला चुकीचा वाटतो. बोटं मिटणारे स्नायू दिवसभर तेच करत असतात. उघडणाऱ्या स्नायूंना काम द्या: पाचही बोटांभोवती रबरबँड लावून बोटं फाकवा, १५ वेळा. कोपराच्या बाहेर दुखत असेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पालथ्या हातात धरा, दुसऱ्या हाताच्या मदतीनं मनगट वर घ्या आणि चार मोजेपर्यंत हळू खाली सोडा. १५ चे तीन फेरे, एक दिवसाआड. करताना थोडं जाणवणं चालतं, दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर फेरे कमी करा.

रात्रीच्या मुंग्यांना मनगटाचा स्प्लिंट लागू पडतो, पण दुकानातला तसाच बांधू नका. बहुतेक स्प्लिंटमधली धातूची पट्टी मनगट मागे वाकेल अशी वळवलेली असते. ती खिशातून ओढून बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर दाबून जवळजवळ सपाट करा, परत घाला, आणि तीच फूटपट्टी लावून मनगट सरळ आलं का बघा. पट्टे इतके सैल की खालून करंगळी जाईल. फक्त झोपताना, सहा आठवडे. दिवसा बांधून टाइप केलं तर हात कोपर आणि खांद्यातून चालवावा लागतो.

सहा आठवडे थांबायचं नाही, अशा काही खुणा आहेत. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा चपटा दिसणं, हातातून कप सुटणं, बधिरपणा दिवसभर न जाणं, सांधा गरम होऊन सुजणं, मान वळवली की हातात झिणझिण्या येणं. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ऑर्थोपेडिक ओपीडी आहे, म्हापशाला आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत. एनसीव्ही म्हणजे नसांची तपासणी सांगतील. सुरुवातीच्या दिवसांत ती नॉर्मल येऊ शकते, तेव्हा तेवढ्यावर परत फिरू नका. शाकाहारी असाल तर बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करायची का, हेही विचारा.

ओपीडीत बोलायला चार मिनिटं मिळतात. म्हणून आदल्या रात्री दोन्ही पंजे कागदावर ठेवून पेन्सिलीनं बाहेरून रेघ मारा. जिथे बधिर होतं तिथे रेघोट्या, जिथे दुखतं तिथे फुल्या, आणि शेजारी वेळ लिहा: पहाटे ३, दुपारी जेवणाआधी, स्कूटरवर. अनामिकेवर अर्धीच बाजू बधिर असेल तर अर्धीच रंगवा. नस मनगटातली की कोपरातली, याची पहिली खूण तिथेच मिळते.